थिरकवांच्या डाव्या हाताला

डाव्या बाजूला बसा. उस्तादांसमोर शागिर्दांची दाटी आहे, तिथे जागा मिळणार नाही. मिळाली तरी समोरून नजर उजव्या हाताच्या बोटांवर खिळून राहते. तुम्हाला आता साठेक वर्षं एका माणसाच्या पाठोपाठ हिंडायचं आहे, तेव्हा सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या. बसायचं ते डग्ग्याच्या अंगाला.

शहर मुंबई, साल १९०८च्या आगेमागे. रस्त्यावर घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम आल्या आहेत. पहाटेची पहिली ट्राम अजून निघालेली नाही, पण या खोलीतला कंदील केव्हाचा पेटलेला आहे. कातड्याचा आणि घामाचा वास एकमेकांत मिसळलाय. कोपऱ्यात कुणीतरी गजऱ्यावर हातोडीचे हलके घाव घालत तबला सुरात आणतोय. मधोमध बसलेत ते मुनीर खाँ. फरुखाबाद घराण्याची तालीम घेतलेले, पण एका घराण्यावर न थांबलेले. चोवीस उस्तादांकडून त्यांनी विद्या गोळा केली, असं त्यांच्या परंपरेत सांगतात. दिल्लीचे कायदे, पूरबच्या गती, कुठकुठले रेले आणि तुकडे, सगळं या एका माणसाच्या डोक्यात आणि हातात साठलेलं आहे. कागदावर यातलं फारसं काही नाही.

त्यांच्या डाव्या अंगाला, तुमच्या अगदी शेजारी, पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा बसलाय. जन्म १८९२चा, गाव मुरादाबाद, घर पिढीजात वाजवणाऱ्यांचं. बाराव्या वर्षी तो मुनीर खाँचा शागीर्द झाला. नाव अहमदजान. मुनीर खाँचे वडील काले खाँ यांनी त्याची बोटं तबल्यावर थिरकताना पाहिली आणि त्याला थिरकवा म्हणायला लागले, असं सांगतात. पुढे हेच नाव त्याच्या खऱ्या नावापेक्षा मोठं होणार आहे. तुम्हाला हे माहीत आहे, त्याला नाही. त्याच्यापुढे आत्ता फक्त एक कायदा आहे.

धा तिट धा तिट धा धा तिट धागे तिना किना.

सोळा अक्षरं, आठ मात्रा. मग तीच अक्षरं डग्गा मिटवून: ता तिट ता तिट ता ता तिट, आणि शेवटच्या 'धागे धिना गिना'ला डग्गा पुन्हा बोलायला लागतो. त्रितालाचं एक आवर्तन भरलं. मुलगा परत पहिल्यापासून सुरू करतो. लय जरासुद्धा वाढवत नाही. तुमचे पाय बधिर होतात, रस्त्यावरून पहिली ट्राम खडखडत जाते, खिडकीत उजाडतं, आणि तरी तोच कायदा, त्याच लयीत. कुणी 'वा' म्हणत नाही. उस्ताद दुसऱ्याच शागिर्दाकडे बघतायत असं वाटतं, पण एखादा 'तिट' जरा दबला की त्यांची मान लगेच इकडे वळते.

इथे कंटाळू नका, कारण सगळं इथेच घडतंय. नुसतं जोरात वाजवणं हे तबल्यातलं सर्वांत सोपं काम आहे. चौगुणीत गेल्यावरही प्रत्येक अक्षर सुटं ऐकू यावं, 'ति' आणि 'ट' एकमेकांवर चढू नयेत, चाटीवरचा 'ना' आणि लवेवरचा 'तिं' वेगळे राहावेत, हे अवघड. ते येतं ते संथ लयीतल्या या न संपणाऱ्या फेऱ्यांतूनच. कायद्याचा कायदाही कडक आहे. पलटे करायचे ते त्यातल्याच बोलांचे, बाहेरचं अक्षर आत आणायचं नाही. मूठभर अक्षरांची नुसती जागा बदलून किती नवीन वाक्यं होतात, हे पोरगं रोज शोधतंय.

आणि त्याचा डावा हात बघा. मनगटाचा मागचा भाग डग्ग्यावर टेकलेला, बोटं शाईच्या पलीकडे. आघात झाल्यावर मनगट किंचित पुढे सरकतं आणि घुमारा वर चढतो, जणू डग्गा एक छोटी हरकत घेतो. हे अजून त्याला पुरतं जमत नाही. कधी घुमारा फाटतो, कधी नुसताच ढप्प वाजतो. ते जमेल, पण या खोलीत नाही.

चला, ग्रँट रोडकडे जाऊ.

१९२५च्या सुमाराची रात्र. नाटकगृहाबाहेर गाड्या आणि माणसं, आत शिरताच अत्तराचा दरवळ. गंधर्व नाटक मंडळीचा प्रयोग आहे, नाटक 'स्वयंवर'. खाडिलकरांनी लिहिलेलं, १९१६ साली रंगभूमीवर आलेलं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बुवा १९२२ साली गेले, तरी त्यांच्या चालींवर आजही घर भरतं. तुमच्या शेजारच्या गृहस्थांना सगळी पदं पाठ आहेत. कुठे टाळी द्यायची आणि कुठे 'वन्समोअर'ची आरोळी ठोकायची, हेही त्यांचं ठरलेलं आहे. पण तुम्ही त्यांच्या शेजारी बसू नका. पुढे या, रंगमंचाच्या पुढ्यातल्या खड्ड्यात, जिथे साथीदार बसतात. ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर तिशी ओलांडलेले अहमदजान थिरकवा.

ध्वनिक्षेपक नाही, हे लक्षात घ्या. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पद ऐकू जायचं आहे आणि त्याखालचा ठेकाही. तबला हळू वाजवला तर मागे पोचत नाही, जोरात वाजवला तर गाण्यावर पडतो. या दोन्हींच्या मधला आवाज नुसत्या ताकदीने काढता येत नाही, तो नासेतून काढावा लागतो. नास म्हणजे हात पडायची जागा आणि तऱ्हा. मुनीर खाँच्या खोलीतली सगळी पहाट इथे कामाला येते आहे.

पडदा वर जातो. रुक्मिणी येते. सदतीस-अडतीस वर्षांचे नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, शालू सावरत उभे राहतात आणि सगळं नाटकगृह श्वास घ्यायचं विसरतं. गद्य चाललंय. बोलता बोलता आवाज सुरात शिरतो आणि पद सुरू होतं. आता बालगंधर्वांकडे बघायचा मोह होईल. होऊ द्या, पण एक कान डग्ग्याकडे ठेवा.

थिरकवा काय करतायत? पहिल्या ऐकण्याला वाटेल, काहीच नाही. नुसता ठेका. पण गाणाऱ्याने शब्द मात्रेच्या जरासा मागे ठेवला की ठेका ओढ न घेता तिथेच वाट बघतो. तान सुटली की तबला मागे सरकतो. मुखड्याकडे परत येताना एक एवढीशी उठाण, सम, आणि पुन्हा मोकळं मैदान. गाणाऱ्याच्या ओठांवर जे शब्द आहेत त्यांना धक्का न लावता, दोन शब्दांच्या मधल्या फटीत डग्ग्याचा एक घुमारा. सारंगी गळ्याच्या मागोमाग जाते, तसाच हा डावा हात आता गळ्याच्या मागोमाग जायला शिकलाय.

पद संपतं. 'वन्समोअर!' नारायणराव हसून पुन्हा उभे राहतात. तेच पद, पण आता मुखडा वेगळ्या अंगाने उचललेला. पुन्हा 'वन्समोअर!' तिसऱ्यांदा आणखी तिसरंच काही. गाणारा स्वतःची पुनरावृत्ती करत नाही, मग तबलजीनेही करून चालत नाही. एका रात्रीत किती पदं, प्रत्येक पदाचे किती फेरे, आणि कंपनी महिनोन्‌महिने हेच करत गावोगाव हिंडतेय. पुणं, कोल्हापूर, बेळगाव, नागपूर, बडोदं. प्रयोग मध्यरात्र उलटून संपतो, बिऱ्हाडावर जेवणं होतात, दुपारी पुन्हा वाद्यं लागतात. मुरादाबादच्या उर्दू घरातून आलेल्या माणसाच्या कानांवर वर्षानुवर्षं मराठी पदं पडत राहतात.

तबल्याच्या इतिहासात या नोकरीची नोंद बहुतेकदा एका ओळीत उरकतात. आधी रियाज, मग काही वर्षं नाटक कंपनी, मग दरबार आणि मानसन्मान. पोटासाठी केलेलं काम आणि खरी कला अशी वाटणी करायची आपल्याला खोड आहे. मला ती इथे मुळीच पटत नाही. नुसत्या खोलीतल्या रियाजातून तयारी येते, सफाई येते. गाण्याचा श्वास कुठे संपतो हे मात्र गाणाऱ्याच्या पायाशी बसूनच कळतं. पुढे सगळा हिंदुस्थान थिरकवांच्या स्वतंत्र वादनात जे ऐकून थक्क झाला, तो बोलणारा डग्गा, ती न हलणारी तरी जिवंत लय, ते सगळं या खड्ड्यात रात्री जागून कमावलेलं आहे. रोजच्या चाकरीनेच त्यांना मोठं केलं. आणि या चाकरीत त्यांना गाण्याच्या बाबतीत कमी प्रतीचं काही ऐकावं लागलं नाही, हे आपल्या नाट्यसंगीताचंही मोठेपण.

एक गोष्ट मात्र टोचते. त्या काळच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिका हातात घेऊन बघा. गाणाऱ्याचं नाव ठळक असतं. तबला कुणाचा, हे बहुतेक तबकड्यांवर लिहिलेलंच नसतं.

१९३१ पाशी फार थांबायला नको. १४ मार्चला गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' हा बोलपट लागतो, पुढच्या वर्षी मराठी बोलपट येतो, आणि रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकांच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागतात. कर्जात बुडालेली गंधर्व मंडळी शेवटी बंद होते आणि १९३५ साली खुद्द बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथांच्या भूमिकेत पडद्यावर दिसतात. नट सिनेमात गेले, त्याची चर्चा झाली. साथीदारांनी काय केलं, हे फार कमी लोकांनी विचारलं. कुणी शिकवण्या धरल्या, कुणी रेडिओची वाट धरली, कुणी गावी परतले. १९३७ साली मुनीर खाँही गेले.

थिरकवांना रामपूर मिळालं. नवाब रझा अली खाँचा दरबार, संगीताच्या मोठ्या परंपरेचा. मुश्ताक हुसेन खाँसारखे गवई तिथे होते. झुंबरं, गालिचे आणि नेमकी दाद देणारी मोजकी माणसं. साथीदाराच्या जागेवरून ते इथे मैफलीच्या मधल्या जागेवर येतात. १९४९ साली रामपूर संस्थान विलीन होतं आणि दरबारी नोकरी नावाची गोष्टच देशातून उठते. आतापर्यंत तुमच्यासमोर दोन आश्रयदाते गेले, आधी नाटक कंपनी, मग नवाब. दोन्ही वेळा या माणसाच्या हातात तबला तेवढा राहिला.

आता लखनौ. कैसरबागेतला परीखाना, वाजिद अली शाहच्या काळातली इमारत. आत संगीत महाविद्यालय भरतं. हे मराठी माणसाचं काम आहे. वाळकेश्वरच्या विष्णु नारायण भातखंड्यांनी १९२६ साली लखनौत हे कॉलेज उभं केलं, आणि वर्षानुवर्षं ते सांभाळलं त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी. आधी मॅरिस कॉलेज, मग त्याला भातखंड्यांचंच नाव मिळालं. तिथे तबल्याचे प्राध्यापक म्हणून थिरकवा आलेत. मराठी नाटकात तारुण्य घालवलेला मुरादाबादचा उस्ताद, मराठी पंडिताने अवधमध्ये काढलेल्या कॉलेजात शिकवतोय. संगीताने या देशात माणसं कुठून कुठे नेली, ते डोळ्यांनी बघून घ्या.

वर्ग १९६० नंतरचा कुठलातरी. शेरवानी, टोपी, सत्तरीकडे झुकलेला देह, पण मांडी घालून बसले की पाठ सरळ. समोर विद्यार्थी, वह्या आणि भिंतीवर वेळापत्रक. डाव्या बाजूला बसलात ना?

इथे एक अडचण आहे, ती समजून घ्यायला हवी. उस्तादांच्या जगात विद्या म्हणजे घराची ठेव. फरुखाबाद घराण्याचे मूळपुरुष हाजी विलायत अली यांना लखनौच्या बख्शू खाँनी मुलगी दिली तेव्हा हुंड्यात शेकडो गती दिल्या, अशी आख्यायिका तबलजींच्या तोंडी आहे. सोन्याऐवजी गती! जी चीज लग्नात आंदण म्हणून द्यायची, ती फी भरून आलेल्या वर्गातल्या सगळ्यांना घंटा व्हायच्या आत कशी द्यायची? आणि अभ्यासक्रम तर म्हणतो, या वर्षी अमुक इतके कायदे, अमुक इतके तुकडे, मग परीक्षा. ज्याने एका कायद्यावर अनेक पहाटा घालवल्या त्याला हे गणित कसं पचावं?

पण वर्ग बघत राहा. समजावून सांगणं जवळजवळ नाहीच. ते बोल तोंडाने म्हणतात, मग हाताने वाजवतात. विद्यार्थी वाजवतो. ते मान हलवतात, पुन्हा म्हणतात. तोंडून येणाऱ्या बोलांतच सगळं असतं. कुठे जोर, कुठे हलका स्पर्श, कुठला 'धा' खुला आणि कुठला दाबलेला. वहीत सगळे 'धा' सारखेच दिसतात. म्हणून ज्यांनी नुसती वही भरली त्यांच्या हाती अक्षरं लागली, आणि ज्यांनी त्यांच्या तोंडाकडे आणि मनगटाकडे बघितलं त्यांच्या हाती तबला लागला. संस्थेतल्या शिक्षणाला नावं ठेवायची फॅशन आहे. मी त्यात नाही. नवाब गेल्यावर पन्नाशी-साठीच्या उस्तादाला पगार, खोली आणि शिकायला येणारी ताजी पोरं कुणी दिली? या कॉलेजांनीच. वर्गातून सगळेच वादक निघत नाहीत, पण जाणकार श्रोते निघतात, आणि तेही कुणीतरी घडवावे लागतात.

वर्गाबाहेरचे शागीर्द वेगळे. ते बहुतेक मुंबईकडचे, कारण महाराष्ट्राशी असलेला धागा कधी तुटलाच नाही. उस्ताद मुंबईत आले की ही मंडळी गोळा होतात. ठाण्याचे सुरेश ऊर्फ भाई गायतोंडे, आधी जगन्नाथबुवा पुरोहितांकडे शिकून आलेले. जगन्नाथबुवा, ज्यांना गवई म्हणून 'गुणीदास' या नावाने सगळे ओळखतात, तेही तबल्यात थिरकवांचेच. लालजी गोखले. बंगालमधून येऊन मुंबईत स्थिरावलेले निखिल घोष, ज्यांनी १९५६ साली संगीत महाभारती ही संस्था काढली आणि ताल लिहायची नवी पद्धत बसवली. इकडे मुंबईतच गुरुबंधू अमीर हुसेन खाँ, मुनीर खाँचे भाचे, १९६९ साली जाईपर्यंत शिष्यांची मोठी फळी घडवतायत. मुनीर खाँच्या त्या खोलीतली विद्या गिरगाव, दादर, ठाणे, कोल्हापूर अशी मराठी घरांत पोचली ती या दोघांच्या हातून. आज महाराष्ट्रात फरुखाबादचा पेशकार, एकल वादन उघडणारी ती संथ रचना, ज्या वजनाने वाजतो, त्यामागे ही मेहनत आहे.

शेवटचा मुक्काम मुंबईतली एक मैफल. १९७० साली पद्मभूषण मिळालंय, वय ऐंशीच्या घरात. आता ध्वनिक्षेपक आहे, मंचावर मधोमध तबला आहे आणि शेजारी लेहरा, म्हणजे आवर्तनाची फिरती धून, धरायला सारंगी. जे कधी पडद्यापुढच्या खड्ड्यात बसले, त्यांनाच ऐकायला आज सभागृह भरलंय. पुढच्या रांगेत पिकल्या केसांची काही मंडळी आहेत ज्यांनी त्यांना 'स्वयंवर'च्या साथीला ऐकलंय. त्यांच्या डोळ्यांत आत्तापासूनच पाणी आहे.

पेशकार सुरू होतो. सावकाश. तरुण तबलजी ज्या लयीत अधीर होतात त्या लयीत हे घर करून बसतात. धीं, मग एक पोकळी, मग डग्ग्याची लांब मींड, आणि तिच्या टोकाशी नेमका 'धा'. कायदा येतो, पलटे एकातून एक उलगडत जातात. रेल्यात हात हलतोय की नाही अशी शंका येते, इतकी थोडी हालचाल. मधेच थांबून एखादी गत ते आधी तोंडाने म्हणतात, तिचा रचणारा कोण ते आदराने सांगतात, मग वाजवतात. बोलताना आणि वाजवताना चढउतार तोच, त्यामुळे ज्याला तबल्यातलं काही कळत नाही त्यालाही ती गत कळते.

थकवा कुठे दिसतो का ते शोधू नका. दिसेलही, ऐंशी वर्षांचे हात आहेत. चौगुणीत एखादं अक्षर पूर्वीइतकं धारदार नसेल. पण समेवर येताना घाई नाही, आणि दाद मागायला मान वर होत नाही.

१३ जानेवारी १९७६ रोजी लखनौत ते गेले. तुमच्यासाठी त्यांचं एकल वादन ध्वनिमुद्रित झालेलं आहे, लाँग प्ले तबकडीही निघाली, आकाशवाणीनेही वाजवून घेतलं. ते लावाल तेव्हा गती आणि रेले ऐकाच, पण दोन रचनांच्या मध्ये ते जेव्हा परत साध्या त्रितालावर येतात तेव्हा आवाज थोडा वाढवा. तिथे वाजवून दाखवायचं काहीच नसतं. सारंगी तेवढी एका आवर्तनाचा लेहरा फिरवत असते, आणि थिरकवा तिला ठेका देतात, समोर कुणी गायला उभं असावं तसा.